नत्थूजींची गाठ

नत्थूजी परातेंनी मारलेली गाठ सुटत नाही, हे आमच्या तांडापेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. झेंड्याला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

नत्थूजी जातिवंत कोष्टी. अर्धं आयुष्य मागावर गेलं. मागावर सूत तुटलं की गाठ अशी मारावी लागते, की ती फणीच्या दातांतून अलगद निघाली पाहिजे आणि कितीही ताण पडला तरी ढिली होता कामा नये. पुढे माग गेला आणि नत्थूजी इतवारीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात थानं उलगडायला आणि घड्या घालायला लागले. बोटं मात्र मागावरचीच राहिली. त्यांच्या बायकोच्या, मैनाबाईंच्या पिशवीला, सायकलच्या कॅरिअरला, आमच्या दारावरच्या तोरणाला त्यांनी एकदा गाठ मारली, की पुढे कात्रीच आणायची.

आमच्या चौकातला झेंडा वर्षानुवर्षं देवाजी बांधायचे. पोलिसातून रिटायर झालेला माणूस, कवायतीच्या मैदानावरच म्हातारा झालेला. त्यांचे गुडघे गेले आणि ते काम नत्थूजींकडे आलं. कापडाचं काम आहे, कोष्ट्याला नाही जमणार तर कोणाला, असं सगळेच म्हणाले. मीही म्हटलं. देवाजींनी त्यांना सगळे नियम पढवले. केशरी पट्टा वर. फाटका, चुरगळलेला झेंडा लावायचा नाही. त्यावर काही लिहायचं नाही. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवल्या तर चालतात. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश, आणि जमिनीला शिवू द्यायचा नाही. नत्थूजींनी हे सगळं तोंडपाठ केलं. गाठीबद्दल देवाजी बोलले नाहीत, कारण गाठ मारता न येणारा कोष्टी त्यांनी पाहिला नव्हता.

पंधरा ऑगस्टला कुसुमताईंच्या हस्ते झेंडा फडकायचा होता. या आमच्या शाळेच्या जुन्या हेडमास्तरीण. अर्ध्या तांडापेठेचे कान त्यांनी उपटलेले आहेत. त्यांनी दोरी ओढली. वरचं गाठोडं हललं, पण उघडलं नाही. पुन्हा ओढली. जितकी ओढली तितकी गाठ आवळली. मंडळाचा अध्यक्ष ऋषी काळा चष्मा कपाळावर चढवून पुढे आला आणि दोरीला लोंबकळलाच. गर्दीतून कोणी बांबूने ढोसा म्हणालं, कोणी दोरी कापा म्हणालं.

"बांबू लावू नका," नत्थूजी म्हणाले. "अन् दोरी कापसान तं झेंडा भुईवर पडीन."

त्यांनी स्वतः दोरी धरली आणि ते गाठोडं सावकाश खाली घेतलं, तान्हं मूल घ्यावं तसं दोन्ही हातांवर. गाठ बोटांनी सुटेना. एरवी अशा वेळी त्यांचे दात पुढे यायचे, पण झेंड्याच्या दोरीला त्यांनी दात लावले नाहीत. शेवटी मैनाबाई घरातून दाभण घेऊन धावत आल्या आणि त्यांनी ती गाठ उकलली. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. पण तोवर कोणीतरी व्हिडिओ काढून सगळ्या मोबाईलवर फिरवला होता. इतवारीच्या दुकानातही तो पोचला. गिऱ्हाईकं पिशवी पुढे करून गाठ मारून मागायची आणि हसायची.

ऋषीने तर झेंड्याच्या अपमानाबद्दल केस होईल, अशी हूल उठवली. तेव्हा कुसुमताईंनी त्याला भर चौकात झापलं. कायदा झेंडा जाळणाऱ्या-तुडवणाऱ्यासाठी आहे, अडलेल्या गाठीसाठी नाही, असं म्हणाल्या. तरी मंडळाने ठरवलंच की सव्वीस जानेवारीला झेंडा बांधायला डेकोरेशनवाल्याचा माणूस बोलवायचा.

नत्थूजींनी चौकातून जाणंच सोडलं. मागच्या गल्लीने कामाला जायचे, मागच्या गल्लीने यायचे. त्या माणसाला एकच ध्यास लागला होता, की ज्या चौकात झेंडा अडला, त्याच चौकात तो आपल्या हाताने बांधलेला उघडावा. एका संध्याकाळी ते देवाजींच्या खाटेशी जाऊन बसले.

देवाजींनी दोरीचा फास करून दाखवला. वाऱ्याने हलणार नाही इतका घट्ट, आणि एका झटक्यात मोकळा. मग म्हणाले, "तुझी बोटं जन्मभर धरून ठेवायले शिकली गा. आता त्याईले सोडायले शिकव."

ऐकायला सोपं होतं. घरी सराव सुरू झाला. झेंड्यावर सराव करायचा नाही म्हणून मैनाबाईंचा जुना दुपट्टा घेतला, दाराच्या वरच्या कडीला दोरी लावली. नत्थूजी लक्ष देऊन बांधत तेव्हा दुपट्टा छान उघडायचा. लक्ष जरा हललं, की बोटं गुपचूप मागावरची गाठ मारायची. आणि चौकात, एवढ्या डोळ्यांसमोर, लक्ष हलणार नाही याचा भरवसा काय?

यावर उपाय काढला मैनाबाईंनी. ते बांधायला बसले की त्या भांडण काढायच्या. जावयाचं मानपान, मोरीचा नळ, चार वर्षांपूर्वी हरवलेली छत्री. नत्थूजींनी तोंडाने भांडायचं आणि हाताने बांधायचं. दिवाळीपर्यंत आम्हाला वाटलं या म्हातारा-म्हातारीचं काही खरं नाही. मी तर समजूत घालायलाही गेले होते. दार ढकललं, तर दुपट्टा उघडून झेंडूच्या पाकळ्या माझ्याच डोक्यावर पडल्या आणि दोघं हसत सुटले.

जानेवारीत नत्थूजी ऋषीकडे गेले. त्याने हात जोडले आणि नाही म्हटलं. मग मंडळाच्या बैठकीत कुसुमताई उठल्या.

"झेंडा माझ्या हातून अडला होता," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून उघडू द्या. पण गाठ नत्थूजी मारतील, तरच मी दोरीला हात लावीन."

ऋषीचेही कान त्यांनी उपटलेलेच होते. त्याने डेकोरेशनवाल्याला नको म्हणून कळवलं.

सव्वीस जानेवारीला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. खोटं कशाला बोलू, निम्मे लोक झेंडा पुन्हा अडलेला बघायला आले होते. मोबाईल आधीच वर होते. पांढरी चादर घातलेल्या टेबलावर नत्थूजींनी झेंड्याची घडी घातली, पाकळ्या ठेवल्या, दोरी हातात घेतली आणि थांबले. बोटं मागावरच्या गाठीकडेच वळत होती.

आणि बायकांच्या रांगेतून मैनाबाई कडाडल्या, "काहून जी, गॅसचा नंबर लावला काय?"

लोक चपापले. कुसुमताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"लावला न वं," नत्थूजी मान वर न करता म्हणाले. "तुले चौकातच आठवते काय सारं?"

"मंग सिलिंडर काहून नाही आलं?"

"येईन न. मी का खांद्यावर आणू?"

तोवर बोटांनी फास टाकला होता. गाठोडं वर गेलं आणि नत्थूजी मागे सरले. कुसुमताईंनी दोरीला एक हलका झटका दिला.

झेंडा उघडला. एका झटक्यात, सगळा. पाकळ्या कुसुमताईंच्या पांढऱ्या केसांवर पडल्या, ऋषीच्या चष्म्यावर पडल्या. राष्ट्रगीत सुरू झालं तसे मोबाईल खाली गेले आणि सगळा चौक ताठ उभा राहिला. नत्थूजी सावधानमध्ये होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही. मीही रडले, सांगायला मला लाज नाही. राष्ट्रगीत संपताच अशी टाळी पडली की ती देवाजींना खाटेवर ऐकू गेली.

आता आमचा झेंडा नत्थूजीच बांधतात. हात पक्का बसला आहे, भांडणाची काही गरज उरलेली नाही. तरी त्यांनी दोरी हातात घेतली की सगळा चौक मैनाबाईंकडे बघतो, आणि त्या पदर खोचून एक पाऊल पुढे येतात.