बन्सीची हाक

लासूर स्टेशनच्या कांदा बाजारात लिलाव पुकारायचं काम बन्सीचं होतं. ढिगामागून ढीग, वीस वर्षं. भोंगा कधी हातात घेतला नाही, आणि गरजही पडली नाही. तो उत्तरेच्या फाटकाशी बोली पुकारायचा आणि दक्षिणेच्या फाटकाशी बसलेले हमाल चहा टाकून उठायचे. लोक थट्टा करत, हा जन्मला तेव्हा रडला नाही, ओरडलाच.

त्या आवाजाचा खरा उपयोग मात्र घरी होता. आई मनकर्णाबाई पार बहिरी झालेली, डोळ्यांनाही अंधुक दिसायचं. सून आवडाबाई कानाशी कितीही ओरडली तरी म्हातारीला अर्धंमुर्धंच कळे. पण बन्सी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आला की हाक द्यायचा, "माय, आलो गं!" ती तेवढी तिला ऐकू यायची. मग ती उठून चुलीपुढं बसायची आणि त्याची भाकरी स्वतः टाकायची. सुनेला हात लावू द्यायची नाही.

मग बन्सीच्या गळ्यात गाठ धरली. डॉक्टरांनी काढायला सांगितली. म्हातारीनं आकांत मांडला, गळ्यावर सुरी चालवून घेऊ नको म्हणून. तो आधीच घाबरलेला, त्यात ही पाठ सोडेना. निघताना तो तिच्या अंगावर खेकसला, "गप बस की आता!" आईला ऐकू आलेलं त्याचं ते शेवटचं बोलणं.

गाठ निघाली, पण आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, दोष कोणाचाच नाही. घशातल्या दोन पट्ट्यांपैकी एक लुळी पडली; दोन्ही मिळेनात, वारा नुसता निसटून जाई. बाजारात दुसरा माणूस लागला आणि बन्सीला वजनकाट्यावर बसवलं. त्याचं दुःख त्यानं गिळलं. पण म्हातारीला आवाज गेल्याचं पटेचना. एवढा दांडगा आवाज जाईल कुठं, असं ती म्हणायची. लेकानं अबोला धरलाय, हे तिनं मनाशी पक्कं केलं. तो पुढ्यात बसायचा, हात धरायचा, ओठ हलवायचा. ती तोंड फिरवून डोळे पुसायची.

वर्षभरानं कुणीतरी सांगितलं की संभाजीनगरला एक डॉक्टरीणबाई घशात इंजेक्शन देतात, आवाज परत येतो. बन्सी चुलतभाऊ कडूबाला घेऊन गुरुवारी पॅसेंजरनं गेला. बाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि गळ्याच्या बाहेरून सुई टोचून लुळ्या पट्टीत जेलसारखं औषध भरलं, म्हणजे ती फुगून दुसरीला टेकेल. मग म्हणाल्या, "ई म्हणा." बन्सी "ई" म्हणाला आणि त्याचा जुना आवाज त्या खोलीत घुमला. खुर्चीत बसल्या बसल्या तो रडायला लागला. बाईंनी बजावलं, आता तीन दिवस एक शब्द नाही, कुजबुजायचंही नाही. रविवारी सकाळी बोला. तीन-चार महिने आवाज टिकेल, पुढचं पुढं बघू.

घरी आला तर म्हातारी तापानं फणफणलेली. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, उतरेल म्हणाले. बन्सीनं त्यावर विश्वास ठेवला. सांगितलेलं पाळणारा माणूस तो, ठेवणारच.

शनिवारी दुपारी तो तिचा हात धरून बसला होता. तिनं हात चाचपला.

"कोणाचा हात हाय ह्यो?"

आवडाबाईनं कानात ओरडून सांगितलं. म्हातारीनं मान हलवली.

"बन्सी नाय. बन्सी आला तर हाक नसती मारली? रागात हाय तो माझ्यावर. ऱ्हाऊ दे. जेवला का तेवढं इचारा."

बन्सीनं तोंड उघडलं. आवाज घशाशी तयार होता, त्याला कळत होतं. त्यानं आवडाबाईकडं पाहिलं. तिनं एक बोट वर केलं: आजचा एकच दिवस. ज्या आईसाठी आवाज आणला, तिच्यासाठीच तो जपायचा, असं दोघांनाही वाटलं. वेडी माणसं. त्यानं तोंड मिटलं. तासाभरात म्हातारी गेली.

आता गप्प राहायचं काही कारण नव्हतं, तरी त्याच्या तोंडून हुंदकासुद्धा फुटला नाही. रविवारी सकाळी आवडाबाईनं पाणी देऊ का विचारलं. तो "दे" म्हणाला, आणि सगळं घर दचकलं. त्यानंतर दहाव्यापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

दहाव्याला शिवना नदीच्या काठी पिंड मांडले. बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून एकेक जण हात जोडून शब्द देऊ लागला. कडूबा म्हणाला, काकू, तुझ्या लेकीला दर सणाला माहेरी आणू. आवडाबाई म्हणाली, तुळशीला पाणी चुकवणार नाही. कावळे बसूनच. मग आवडाबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमीच बोला. तुमचंच ऱ्हायलंय."

बन्सी उठला. छाती भरून त्यानं हाक दिली.

"माय, आलो गं!"

पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी माना वळवल्या. बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उडाले आणि नदीपार निघून गेले.

गुरुजींनी घटकाभर वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला.

परतताना बन्सी आवडाबाईला म्हणाला, "एक हाक मारली असती अन् मंग जलमभर मुका ऱ्हायलो असतो, तरी चाललं असतं."

आवाज पुरे चार महिने टिकला.