कागदाचे आयुष्य

काल ग्रंथालयात एक बाई माझ्या दिवंगत वडिलांच्या रानभाज्यांवरील पुस्तकातला मजकूर वहीत उतरवून घेत होत्या. पान उलटताना त्या श्वास रोखत होत्या, कारण जुना कागद बोटांखाली तुटत होता.

"झेरॉक्स द्या ना, भाऊ," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या.

"नाही देता येत, ताई. लेखकाच्या मुलाने लेखी मनाई केलीय."

"त्याने कधी रानभाजी खाल्लीय तरी का?"

तो मुलगा मीच. शेजारच्या टेबलावर बसलो होतो. पुस्तक संगणकावर घेऊन सर्वांसाठी खुले करावे का, असे ग्रंथालयाने विचारले, तेव्हा वडिलांचे नाव जपायचे म्हणून मी नकार कळवला होता. खरे तर मला माझी मालकी जपायची होती. दुसरी प्रत माझ्याकडेही नाही. माझा हक्क अजून पुष्कळ वर्षे टिकेल, कागद कदाचित हे वर्षही काढणार नाही.

मी उठलो, ग्रंथपालांकडून माझे ते नकाराचे पत्र मागून घेतले आणि त्याखाली परवानगी लिहू लागलो. मागून बाईंचा आवाज आला, "भाऊ, इथे वर लिहिलंय, विषारी कंद कसा ओळखावा. खालच्या ओळींचा मात्र भुगा झालाय."