भिंतीकडे फिरवलेली मशीन

आमची मावशी मागच्या महिन्यात गेली. झोपेतच गेली. लोक म्हणतात, ती आणि आमची आई, दोघी बहिणी, एका खोलीत बसूनही बोलत नव्हत्या. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशी मोठी, आमची आई धाकटी. शिवणाचं दुकान एकच, दोन मशिनी समोरासमोर. शिवण मावशीची सरळ, पण गिऱ्हाईक आत आलं की विचारणार, "धाकट्या बाई आहेत का?" मावशी तिथंच बसलेली, जशी काही खुर्चीच! मावशीला अशा मिरच्या झोंबायच्या. डाव्या गालाचं मांस आतून दातात धरायची आणि मशीन दणादण हाणायची.

एक दिवस जिभेला गालात वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. दुखत नव्हतं, तरी मावशीनं ठरवूनच टाकलं. कॅन्सरच असणार. घरात सांगितलं नाही. सांगितलं तर धाकटी सोबत येणार, आणि डॉक्टरसुद्धा तिच्याशीच गोड बोलणार! गेली एकटीच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गाल उलटून बघितला, गाठ दोन बोटांत चाचपली. "बरोबर दातांच्या समोर आहे. गाल चावता का हो?"

"मी काय गाय आहे रवंथ करायला?"

"सारखं एकाच जागी चावलं की मांस असं वाढतं. साधीच दिसते, पण काढून तपासायला पाठवू. नुसत्या डोळ्यांवर जायचं नाही."

गाल बधिर करून गाठ काढली, दोन टाके घातले. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मावशीचा जीव भांड्यात पडला, तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चावणं सुटलं नाही तर परत येईल. कधी चावता ते कागदावर लिहीत जा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाल शाबूत. मग एक बाई आली, फ्रॉकचा घेर बघून आईला म्हणाली, "धाकट्या बाई, हात आहे की जादू!" घेर घातलेला मावशीनं. आई नुसती हसली. आणि मावशीच्या दातात गाल.

बाई गेल्यावर मावशी उठली. "धर गं एका बाजूनं. मशीन भिंतीकडे फिरवायची."

"अगं ताई, तिकडं उजेड नाही. आणि पाठ करून बसणार माझ्याकडे?"

"तुझं तोंड बघितलं की माझं तोंड दुखतं."

आईला आधी चेष्टा वाटली, मग रडली. तुझ्यावर जळून गालाला गाठ आली, हे मावशी सांगणार कशी?

नऊ वर्षं दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. जळणं काही गेलं नाही, कान उघडेच होते ना! कुणी 'धाकट्या बाई' म्हटलं की मावशी जीभ दात आणि गालाच्या मधे लावून धरायची, राखणीला बसवल्यासारखी. मग बोलणार कुठल्या जिभेनं? पण गाठ परत आली नाही.

मावशीच्या मशीनच्या खणात परवा रिपोर्ट मिळाला, त्याच्यामागे तो कागद. एकच ओळ. 'फ्रॉकवाली बाई. घेर माझा होता.'

आईनं तीनदा वाचलं. म्हणाली, "तुझाच होता गं ताई. मला सांगता येत होतं तेव्हा, आणि मी हसत बसले."