आठ किलोची बादली

वजनमावशींनी रागाच्या भरात सरकारी वजनकाटा लाथेने फोडला आणि म्हणून त्यांची नोकरी गेली, असं आमच्या शाळेत आता पाचवीतली पोरंसुद्धा सांगतात. काहीजण लाथेच्या जागी पहार घालतात. एकाने तर काच लागून जखमी झालेला माणूसही तयार केलाय.

काटा फुटलेला नाही. तो स्टोअररूममध्ये धडधाकट उभा आहे. मावशींनी त्याच्यावर फक्त एक बादली ठेवली होती.

मावशी शाळेच्या शिपाई. अकरा वर्षं टेंपररी. घंटा त्यांची, खडू त्यांचे, उलटी झालेलं पोर त्यांचं. ‘हलकं बालपण’ मोहीम आली तेव्हा दर तीन महिन्यांनी मुलांची वजनं घ्यायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं, कारण पीटीचे सर काट्याजवळ यायलाच तयार नव्हते. त्यांचं पोट त्यांच्याआधी वर्गात शिरायचं.

मोहिमेचा कागद मी वाचलाय. ज्या मुलांचं वजन फार जास्त, त्यांची यादी दवाखान्यात जाणार. तिथे फुकट तपासणी, खाण्यापिण्याचा सल्ला आणि संध्याकाळी व्यायामाचा वर्ग. त्याच कागदावर खाली असंही लिहिलं होतं, की ज्या शाळेची सरासरी घटेल तिला बक्षीस. आता वजन घटवायचं म्हणजे पोरांना पळवायला हवं. मैदानावर मास्तरांच्या गाड्या. पीटीचा तास गणिताला दिलेला. कॅन्टीनच्या खिडकीवर वेफर्सच्या माळा, आणि त्यांच्या मागून डोकावणारं मोहिमेचं पोस्टर.

मावशींची काम करायची एक रीत होती. वजनाच्या आदल्या दिवशी त्या काट्याची परीक्षा घ्यायच्या. लोखंडी बादली एक किलोची, तिच्यात आतून नेलपॉलिशने ओढलेल्या रेघेपर्यंत पाणी भरलं की नऊ लिटर. झाले बरोबर दहा किलो. ‘‘माणूस लबाडी करेल, पाणी नाही करत,’’ असं म्हणत त्या सुईकडे बघत बसायच्या. बादली धरायला मी. त्या बदल्यात माझं वजन राहून जायचं. मी नकला करून त्यांना हसवायची, रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ पडायचं. सलग पाच वेळा.

त्या दिवशी बादली आठ किलोची भरली.

मावशींनी पाणी ओतून पुन्हा भरलं. आठच. मग त्यांनी वाकून पाहिलं. डायलच्या काचेवर, बरोबर शून्याच्या जागी, मोहिमेचा नवा स्टिकर चिकटवलेला होता: हसरं बाळ, हातात सफरचंद. मावशींनी नखाने तो उचकटला. बाळाच्या पोटामागे सुई शून्याच्या दोन किलो मागे झोपलेली.

आम्ही दोघी हेडसरांकडे गेलो. म्हणजे त्या आत गेल्या, मी दाराला कान लावला.

‘‘मावशी, म्हणजे काय की,’’ हेडसर म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य या फाटकातूनच बाहेर पडतं. ‘‘म्हणजे काय की, मुलं हलकी झाली तर तुम्हाला का जड जातंय?’’

‘‘सर, दोन किलोने अकरा पोरं यादीतून गळतात. मी मागच्या वेळचं रजिस्टर बघितलं.’’

‘‘अहो, बाळसं असतं ते. खात्यापित्या घरची मुलं आहेत. उतरेल.’’

मावशी म्हणाल्या, ‘‘माझ्या पोराचंही बाळसंच होतं, सर. बाविसाव्या वर्षी पोटात सुई टोचून घेतो रोज. जिना चढताना मधल्या पायरीवर बसतो.’’

‘‘वाईट वाटतं ऐकून. पण म्हणजे काय की, तुमची कायम होण्याची ऑर्डर या टेबलावर आहे. उद्या मोहिमेच्या मॅडम येतायत. मी सही उद्या संध्याकाळी करणार आहे. सकाळी नाही.’’

बाहेर आल्यावर मी त्यांना हेडसर करून दाखवले, हनुवटीसकट. एरवी त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या दिवशी नाही.

‘‘उद्या तुम्ही गप्प बसणार,’’ मी म्हटलं. ‘‘पोराच्या इंजेक्शनांना कायमची नोकरी लागते.’’

‘‘लाव पैज, रेडिओ.’’ मला त्या रेडिओच म्हणायच्या.

‘‘काय लावू?’’

‘‘हरलीस तर काट्यावर उभी राहशील.’’

मी हात पुढे केला. जिंकणारच होते. अकरा वर्षं वाट बघितलेलं माणूस बारावं वर्ष कशाला वाट बघेल?

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, सोबत फोटोवाला. काच पुसलेली, बाळाचा नवा स्टिकर लावलेला. पहिलीतला एक गुबगुबीत मुलगा काट्यावर चढवायला आणला होता. मावशींनी त्याला हलकेच बाजूला केलं आणि बादली ठेवली.

‘‘मॅडम, ही दहा किलोची बादली. आज आठ भरते. पाणीपण डाएटवर गेलं का, विचारा सरांना.’’

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी सुईकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, मग फोटोवाल्याकडे. ‘‘मावशी, ती बादली जरा बाजूला घ्या. फ्रेममध्ये येतेय.’’

मावशींनी घेतली. मग स्टिकर फाडला, कंबरेची किल्ली काढून काट्याखालचा स्क्रू फिरवला, सुई शून्यावर आणली आणि दिवसभर तीनशे बारा मुलांची वजनं घेतली. खरी. हेडसर खुर्चीत बसून सगळं बघत होते. एकदाही अडवलं नाही.

अडवायची गरजच नव्हती. आठवड्याने अहवाल गेला: काटा नादुरुस्त, शिपायाकडून सरकारी उपकरणाची हानी, सबब हेडसरांनी स्वतः घेतलेली वजनं ग्राह्य. अफवेला पाय फुटले ते तिथे. सरासरी घटली. शाळेला दुसरं बक्षीस मिळालं: एक बॅनर आणि उड्या मारायच्या शंभर दोऱ्या. मारायला जागा नाही म्हणून त्या कुलपात. यादीत ती अकरा नावं नव्हती.

मावशींची ऑर्डर टेबलावरून कुठे गेली, कुणाला माहीत नाही. महिनाअखेरीस त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

शेवटच्या दिवशी स्टोअरच्या किल्ल्या द्यायच्या आधी त्यांनी मला आत बोलावलं.

‘‘चढ.’’

‘‘मावशी, काटा नादुरुस्त आहे. सरकारी कागदावर आहे तसं.’’

‘‘चढ, बये.’’

मी पीटीच्या सरांची नक्कल सुरू केली. त्या थांबून राहिल्या, ती संपेपर्यंत. मग चपला काढून मी चढले.

‘‘वाच.’’

‘‘अडुसष्ट,’’ मी म्हटलं. ‘‘आणि वर थोडं.’’

‘‘थोडं किती?’’

‘‘चारशे ग्रॅम.’’

रजिस्टर आता त्यांचं नव्हतं. त्यांनी वेफर्सचं रिकामं खोकं फाडलं, पुठ्ठ्यावर माझं नाव, वय, उंची आणि आकडा लिहिला, आणि माझ्या हातात दिला.

‘‘रजिस्टरात पाच वेळा मीच तुला गैरहजर मांडलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते माझ्याकडून चुकलं. आता यादी नाही. दवाखाना बुधवारी उघडा असतो. एकटी जा.’’