आवणीच्या आठवड्यातली स्पर्धा

मुंबईतल्या पूलच्या, म्हणजे बिलियर्डसारख्या टेबलावरच्या खेळाच्या, स्पर्धेत उतरायला काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी आधी बूट सांगतो. काळे, चामड्याचे, पुढून बंद. मग काळी पँट, कॉलरचा शर्ट, स्वतःची क्यू म्हणजे खेळायची काठी, प्रवेश फी आणि लॉजचं भाडं. शिवाय स्पर्धेच्या आधी तिथल्या टेबलावर हात बसावा म्हणून तासावर पैसे मोजून सराव करावा लागतो. हे शेवटचं आईला कधीच पटलं नाही.

"खेळायचे पैसे, आनि खेळायच्या आधी खेळायचे पन पैसे?" ती म्हणायची. "मंग कापडाचं दुकान तरी टाकायचंस त्यापेक्षा."

पण कापडाचीच तर गोष्ट होती. शहापूरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं होती, तिथे मी खेळ शिकलो. त्यांचं हिरवं कापड घासून घासून जड झालेलं, चेंडू दमल्यासारखा चालायचा. मुंबईत नव्या कापडावर तोच टोला मारला की चेंडू दुप्पट लांब पळायचा. ते समजून घ्यायला दोन-तीन तास तरी लागत.

कॉलेजच्या दिवसांत मोकळ्या तासाला मी त्या टेबलांपाशी असायचो. सकाळी गिऱ्हाईक नसलं की मालक मला फुकट खेळू द्यायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा मालकांनी स्वतःच्या पैशाने पेढे वाटले. "अर्धी पदवी माझ्या टेबलावर घेतलीय यानं," असं ते येईल त्याला सांगत होते. पुढे आसनगावजवळच्या एका गोदामात मला ऑफिसचं काम मिळालं. पगारातून फी आणि लॉज मी कसंबसं भागवायचो. सुट्ट्यांचं मात्र काही जमायचं नाही.

सुट्ट्या आवणीला लागायच्या. आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाताना सापगाव मागे टाकलं की आत वळून आहे. तिथे आवणी, म्हणजे भाताची लावणी, पाच घरं मिळून सावडीने करतात. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या. प्रत्येक घराने दोन माणसं द्यायची. यात पैसा चालत नाही. एक दिवस घेतला तर एक दिवस द्यायचा, तोही स्वतःच्या हातांनी. मजूर पाठवला तर सावड मोडल्यासारखं होतं. वडलांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून आमच्या घरची दोन माणसं म्हणजे आई आणि मी.

त्या वर्षी राज्य पातळीची स्पर्धा नेमकी आवणीच्या आठवड्यात आली. पहिल्या सोळांत येणाऱ्यांची पुढच्या मोठ्या स्पर्धेची फी आणि राहायचा खर्च आयोजक भरणार होते. मी मनाशी ठरवलं होतं, सोळांत आलो तर खेळायचं, नाहीतर ही शेवटची. घरच्या जिवावर हौस किती वर्षं करायची?

सावडीचं सगळं आमच्या शेजारची काकी बघायची. तिला विचारायला गेलो तर ती राबातून, म्हणजे बी टाकून रोपं वाढवलेल्या तुकड्यातून, आवणाची रोपं उपटत होती.

"पाच दिवस? कसले रे पाच दिवस?"

"मुंबईला मॅच आहे, काकी."

"त्या लाकडानं गोट्या ढकलायच्या?"

"हो. पण हरलो तर दोन दिवसांत परत येईन."

"म्हंजे आता आमी तू हरावास म्हनून देवाला नारळ ठेवायचा काय?" तिने रोपांची मूठ झटकली आणि बाकीच्या बायका हसल्या. "जा तू. तुज्या वाटचं आमी लावू. पन आल्यावर दिवस फेडायचे, मुंबईची कारनं नाय सांगायची."

मी हो म्हटलं, पण मला ते जड वाटत राहिलं. म्हणून जायच्या आधी तीन दिवस मी न बोलावता काकीच्या खाचरात उतरलो. थोडे दिवस आगाऊ फेडून ठेवावेत, एवढाच विचार. तिने माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही.

चूक तिथेच झाली. तीन दिवस सलग चिखलात उभा राहिल्याने माझ्या पायांना चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलवटली. आमच्याकडे त्यावर मेंदी लावतात. निघायच्या आदल्या दिवशी आईने दोन्ही पायांना मेंदी थापली. दुखणं थोडं कमी झालं, पण पाय घोट्यापर्यंत लालभडक झाले.

स्पर्धेच्या हॉलमध्ये मी चपला घालून गेलो आणि बूट हातात धरून बाकावर बसलो. पहिल्या सामन्यातला माझा प्रतिस्पर्धी मुंबईचाच होता, छान इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याने माझ्या पायांकडे बघितलं.

"क्या भाई, शादी है क्या?"

"नाही हो. भातलावणी आहे."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी बोटं फाकवून दाखवली तेव्हा त्याचं हसू गेलं. मी पंचांना विचारलं, चपलांवर खेळू का? ते वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर करून पाय नीट पाहिले. "बघवत नाही हो," ते म्हणाले, "पण नियम सगळ्यांना सारखा. बूट घालावेच लागतील." ते कडक होते, पण त्यांनी मला दहा मिनिटं दिली आणि आपल्या पेटीतला कापूस आणून दिला.

पूल खेळताना काठी हातावरून सहज सरकावी म्हणून काही खेळाडू पावडर लावतात. त्या मुंबईकराने आपला पावडरचा डबा उघडला आणि अर्धा माझ्या बुटांत ओतला. "अब डाल. लेकिन हारने के बाद पाँव का बहाना नहीं चलेगा, हाँ."

तो सामना मी जिंकलो. त्याने हात मिळवला आणि म्हणाला, "पावडर वापस कर." दुसरा सामनाही जिंकलो. तिसरा जिंकला असता तर सोळांत आलो असतो. तो हरलो, सात-चार. ते पायांवर ढकलणं खोटं ठरेल. समोरचा माझ्यापेक्षा चांगला खेळला. त्याला टेबलाचा कोपरान् कोपरा माहीत होता. रोज तीन तास अशाच कापडावर खेळतो, असं त्याने नंतर मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गावात पोचलो आणि तसाच शेताकडे गेलो. आमच्याच खाचरात आवणी चालली होती. आई, काकी आणि बाकीच्या ओळीने वाकलेल्या होत्या. आमचं बरंचसं शेत लावून झालेलं होतं. मी बांधावर उभा राहिलो आणि कुणी विचारायच्या आधीच सांगितलं, "हरलो."

काकीने मान वर केली नाही. "मंग? आवनी तर नाय ना हरली?"

मी पँट वर दुमडायला लागलो. तेवढ्यात आई ओरडली, "त्या पायांनी उतरशील तर बघ!" मग बांधावर बसलेल्या वडलांच्या शेजारी बसून मी आवणाच्या मुठी फेकायचं काम केलं. कुठली मूठ कुठे पडावी हे वडील हाताने दाखवत होते.

पुढचे चार दिवसही मी बांधावरून मुठीच फेकल्या, आणि पाय सुधारले तसा काकीकडे गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलो होतो, तरी तोही मी पूर्ण बुडालेला दिवसच धरला होता. "काकी, माझे तीन दिवस राहिले. उद्यापासून येतो."

"तीन कुठले? तू आदीच तीन देऊन गेलास."

"तू तर काही बोलली नव्हतीस. मला वाटलं, न बोलावता केलेलं धरत नसशील."

"तोंडानं नाय बोलले, मोजत व्हते. तुजी पदवी तुजपाशी, आमाला पन आकडे येतात." मग तिने माझ्या पायांकडे बघितलं. "पुढच्या टायमाला मातर आगाऊपना नाय करायचा. पाय घेऊन बसलास नि आमचंच नाक कापलंस मुंबईत."

"पुढच्या वेळी नाही जायचं, काकी. सोळांत आलो असतो तर गोष्ट वेगळी. आता दरवर्षी तुमच्या जिवावर नको."

"कुनाच्या जिवावर? माजी पोर बाळंतपनाला आली तेवा तुज्या आईनं माजे आठ दिवस भरले. ते काय तिनं गोट्या खेळून भरले? सावड असते कशाला मंग?" तिने दारातल्या राबाकडे हात केला. "तुजी ती मॅच पुढच्या साली कदी असते ते आदी सांग. दिस कळले तर आमी राब आठवडाभर आदी टाकू, आवनी बी आदी उरकंल. पाऊस आपल्या हातात नाय, पन तेवडं तर जमंल."

आमच्या गावात राब टाकायचा दिवस कुणाच्या खेळासाठी पुढे-मागे केल्याचं मी ऐकलं नव्हतं.  मी मोबाइल काढला, आयोजकांचा नंबर शोधला आणि तिच्या अंगणातूनच त्यांना फोन लावला.