देठाला बांधलेला धागा

फुलाला हात लावण्याआधी ती बोटांवर फुंकर मारायची. मग मलाच सांगायची, "सावकाश, भाऊ. फूल बिचकतं."

संध्याकाळचे पाच वाजले की अजूनही मला घरात बसवत नाही. दोडक्याचं फूल त्याच वेळी उमलतं.

शेडनेटमधला दोडका तुम्ही पाहिला असेल. जाळी किडीला अडवते, तशी मधमाशीलाही. मग नराचं फूल खुडून मादीच्या फुलाला हातानं टेकवावं लागतं. आंबेगावच्या डोंगराकडून आलेली ही बाई आमच्या बोरी बुद्रुकमध्ये तेच काम करायची. नर टेकवला की त्या फुलाच्या देठाला खूण म्हणून जुन्या लुगड्याचा धागा बांधायची, सैल, फळ वाढलं तरी काचू नये असा. मी घाई केली की म्हणायची, "लगीन लावतीय, भाऊ. मंगलाष्टका तरी होऊ द्या." चार-पाच शेडनेटवाले तिला बोलवायचे. तिच्या हाताला गुण आहे, म्हणायचे. त्या नावावरच तिचं घर चालायचं.

त्या वर्षी मला हाव सुटली. नराचे घोस वेलाची ताकद खातात, असं माझं मीच ठरवलं. एका दुपारी, ती यायच्या आत, सगळ्या वेलांवरचे घोस कळ्यांसकट खुडले आणि ओढ्यात टाकले.

संध्याकाळी ती आली. दोन ओळी फिरून थांबली.

"नर कुणी खुडले, भाऊ?"

"उंदरांनी," मी म्हणालो.

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. बोटं हिरवी होती.

"लई हुशार उंदीर. मादीला तोंड न्हाई लावलं."

एवढंच बोलली. मग बांधावरच्या एकुलत्या वेलाची नरफुलं पदरात घालून आणू लागली. ती कितीशी पुरणार? आठवड्यात कोवळी फळं पिवळी पडून गळायला लागली. धागा बांधलेला दोडका मात्र एकही गळला नाही. मी ते रोज बघत होतो.

शेजारचे शेडनेटवाले आले. असं कसं झालं राव, म्हणून एकानं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाईच्या हाताला आता गुण राहिला न्हाई."

ती पलीकडच्या ओळीतच होती. वेलांच्या खालून तिचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. लोक गेल्यावर उरलेले धागे तिनं शेडनेटच्या दारातल्या खिळ्याला अडकवले आणि निघून गेली. पुढच्या हंगामात तिला कुणीच बोलावलं नाही. मी गप्प राहिलो. नंतरही कितीतरी वर्षं.

गेल्या महिन्यात एसटीनं तिच्या गावी गेलो. दारात तिची जाऊ नाचणी पाखडत होती. बाई वर्षापूर्वीच वारली, म्हणाली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"बोरीचं भाऊ व्हय? लई वाट बघायची तुमची. म्हणायची, नर कुणी खुडले ते भाऊ सांगतील कवातरी." मग माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "सांगितलं का तुमी लोकांना?"

मी परतीची एसटी धरून थेट शेडनेटवर आलो. पाच वाजून गेले होते. जाळीत पिवळी फुलं उमलून वाट बघत होती.

मी बाईला बोल लावला त्या दिवशी माझ्या शेडनेटपुढे जे उभे होते, त्यांनी हे वाचावं. नर मी खुडले होते. तिचे धागे अजून खिळ्याला आहेत. जेवढी फुलं माझ्यामुळे रिकामी राहिली, तेवढेच.