आई गाणं म्हणते

आपल्याकडे श्लोक म्हणतात, आरती म्हणतात, तसं गाणंही म्हणतात. आईने जन्मभर तेच केलं. भाजी निवडताना ती भोंडल्याची गाणी म्हणायची. मी पंधराव्या वर्षी गाण्याच्या क्लासला जायला लागले आणि उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी माझी गत झाली. एकदा मी तिला ऐकवलं, की 'गाणं' हा शब्द संस्कृतातल्या 'गै' धातूवरून आला, गीत आणि गाथाही त्यातूनच आले. गायला सूर लागतो, तू करतेस ते नुसतं म्हणणं. आई हसली. त्यानंतर आमच्या घरी भाजी मुकाट्याने निवडली जाऊ लागली, आणि हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं गेली. तोवर माझा क्लास कधीच सुटला होता.

यंदा नवरात्रात आई माझ्याकडे बनशंकरीला आली. समोरच्या कानडी अक्कांनी संध्याकाळी आम्हाला बोलावलं. त्यांच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि आलेल्या प्रत्येक बाईने बाहुल्यांपुढे एक तरी गाणं म्हणायचं, मग हळदीकुंकू. मी आईला हे आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

दोघीतिघींचं झालं आणि अक्का आईकडे वळल्या. "ओंदु हाडु हेळि, अम्मा."

काय म्हणतात, असं आईने मला विचारलं. हाडु म्हणजे गाणं, हेळि म्हणजे सांगा, म्हणा. इथेही गाणं सांगतातच की! इतकी वर्षं हे कानावर पडत होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"गाणं म्हणा, म्हणतायत."

"म्हणू? का गायला हवं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला फार लागलं. तिला खरंच विचारायचं होतं.

"म्हण, आई," मी म्हणाले.

तिने भोंडल्याचं गाणं धरलं. सूर तीनच, तेही जरा इकडेतिकडे. एक अक्षर न कळता बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मला रडू आवरेना. खोलीभर बायका होत्या, पण आई माझ्याकडेच बघत होती. ओळ संपली की थांबायची, माझा चेहरा बघायची, मगच पुढची ओळ घ्यायची. मी प्रत्येक ओळीला मान डोलावत राहिले. मी थांबले असते, तर तीही थांबली असती.